उसन्या चित्राचे रविवार

पडतोय म्हणावं तर थेंब दिसत नाही, नाही म्हणावं तर केस ओले — असा तो सप्टेंबरातला पाऊस होता. ओडेट पेल्टियर उजाडल्यापासून कॉलेजच्या कलासंग्रहालयाबाहेर रांगेत उभी होती. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात गरम डोनटांची पिशवी, आणि छत्री मिटलेली, काखेत.

"छत्री कुणासाठी जपून ठेवलीयस?" पुढचा मुलगा मागे वळून म्हणाला.

"उघडायला तिसरा हात नाही म्हणून."

"माझे दोन्ही रिकामे आहेत."

तिने उत्तर द्यायच्या आत त्याने छत्री ओढून घेतली, उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरली. निदान त्याला तसं वाटलं. तो चांगला ताडमाड होता. छत्री त्याच्या डोक्याच्याही वर होती आणि पाऊस तिरका होऊन सरळ ओडेटच्या मानेवर येत होता.

"जरा खाली धर की! वरती ढगांना कशाला पांघरूण घालतोयस?"

तो हसला. हसताना त्याचे कान लाल व्हायचे, हे तिला पहिल्याच मिनिटात कळलं. माणूस लबाड नसावा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं — आणि त्याला एक डोनट दिला. हा निर्णय तिने जरा घाईने घेतला, पण ते पुढे कळणार होतं.

मेन राज्यातल्या त्या छोट्या कॉलेजात एक जुनी रीत आहे. दर सत्राच्या सुरुवातीला संग्रहालय आपली काही चित्रं विद्यार्थ्यांना उसनी देतं. छापील नकला नव्हेत, खरीखुरी चित्रं, चौकटीसकट. जुन्या-नव्या अमेरिकन चित्रकारांची ती चित्रं मग हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये, मळक्या मोज्यांच्या शेजारी, डिसेंबरपर्यंत राहतात. नियम थोडेच. आत धावायचं नाही. जो चित्रासमोर आधी उभा राहील, चित्र त्याचं. एकाला एकच, आणि घेतलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. शिवाय कुठेही न लिहिलेला, पण सगळ्यांनी पाळलेला एक नियम — आपल्याला कोणतं हवंय ते रांगेत सांगायचं नाही. सांगितलं की नजर लागते.

म्हणून ती दोघं बाकी सगळं बोलली. त्याचं नाव एमेट कुचेरा. नेब्रास्काचा, शेतकऱ्याचा मुलगा, भूगर्भशास्त्र शिकणारा, आणि अजून समुद्र न पाहिलेला!

"तीन वर्षं मेनमध्ये राहून समुद्र नाही पाहिलास?" ओडेटला हे ऐकूनच कसंतरी झालं.

"गाडी नाही. आणि खरं सांगू? भीती वाटते. इतकं पाणी एका जागी, आणि कुणाच्याच मालकीचं नाही."

दार उघडलं. धावायचं नव्हतं, म्हणून सगळी पोरं अशी चालायला लागली, की बदकांचा थवा बरा. ओडेट मोठ्या दालनाकडे वळलीच नाही. नावाजलेल्या चित्रांभोवती झुंबड उडू दे खुशाल! तिला हवं होतं ते मागच्या लहान खोलीत, खिडकीशेजारी होतं. हॅटी लूमिस नावाच्या, कुणी फारसं न ऐकलेल्या बाईचं, आडवं, चिंचोळं चित्र. पिवळंधमक गवत, गवताच्या गंज्या, मधून वळत जाणारी पाण्याची चकाकती रेघ आणि वर अफाट आभाळ. खाली नाव इतकंच — 'ऑक्टोबर, संध्याकाळ'.

ती खोलीत शिरली, आणि पाहते तो काय — चित्रासमोर एमेट कुचेरा पाय रोवून उभा! काखेत तिचीच छत्री.

हातातोंडाशी आलेला घास गेला. तोही तिचाच डोनट खाल्लेल्या माणसाने पळवला.

"हे?" ती कशीबशी म्हणाली. "इतकी चित्रं सोडून तुला हेच सापडलं?"

"हेच तर हवं होतं." त्याचा चेहरा उजळला होता. "घरची आठवण आली की मी इथे येऊन हे बघतो. आमच्या घरामागे अगदी हेच दिसतं. हा ओढा, ह्या गंज्या. नेब्रास्का!"

"नेब्रास्का?" ओडेटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अरे, हे खाजण आहे! समुद्राकाठचं! हा ओढा नाही, भरतीचं पाणी आत येतं ना, त्याची वाट आहे. हे खारं गवत आहे. मी लहानपणापासून रोज सकाळी खिडकीतून हे बघितलंय."

"मग समुद्र कुठाय?"

"चौकटीबाहेर!"

"वा! चौकटीबाहेर काय, हत्तीसुद्धा असेल."

दाराशी मिसेस ट्रास्क उभ्या होत्या. संग्रहालयाचा सगळा कारभार त्याच बघायच्या, आणि चष्मा नेहमी कपाळावर ठेवून तोच शोधत असायच्या. "भांडा, पण हळू आवाजात," त्या म्हणाल्या. "हॅटीबाई जन्मल्या मेनमध्ये, पण पायाला भिंगरी होती त्यांच्या. हे कुठलं आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. आणि पोरा, आधी तू उभा राहिलास, तेव्हा तुझं."

ओडेटचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती वळली, ते एमेटला दिसलं. तिच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी समुद्राकाठचं घर विकलं होतं. आता ते लुइस्टनला, एका गोदामामागच्या भाड्याच्या घरात राहत होते. तिची खिडकी आता दुसऱ्याच कुणाची तरी होती. उरलं होतं ते हे चित्र, आणि हे तिचं शेवटचं वर्ष.

तो पायऱ्यांवर तिच्या मागे आला. "छत्री राहिली तुझी." मग जरा थांबून, "हे बघ... चित्र दुसऱ्याला द्यायची परवानगी नाही. पण दाखवायला कुणी मनाई केलेली नाही. रविवारी दुपारी ये. बघ, आणि ते खाजण आहे हे मला पटवून दे. निकाल लागेपर्यंत येत राहा."

"आणि निकाल लागला की?"

"जो चुकला त्याने सगळ्या मेसमध्ये उभं राहून कबूल करायचं. मग काय, खटला संपला."

"तयार राहा मेससमोर भाषण करायला," ओडेट म्हणाली, आणि छत्री न उघडताच पावसात निघून गेली.

पहिल्या रविवारी ती ठरवून तुसडेपणाने गेली. खोलीचं दार सताड उघडं होतं, पलंगावरची चादर नुकतीच ओढूनताणून सरळ केली होती, आणि टेबलावर त्याच्या आईने पाठवलेले कोलाचे होते. मधे खसखस भरलेले ते गोल पाव पाहून तुसडेपणा टिकवणं अवघड होतं. चित्र खिडकीसमोर लावलेलं. शेजारी दोन खुर्च्या.

"लाच देतोयस?"

"पुराव्याची छाननी उपाशीपोटी करू नये."

मग ते दर रविवारचंच झालं. ती म्हणायची, गंज्यांच्या बुडाशी सावली बघ, त्या खुंटांवर रचल्यात, भरतीच्या पाण्यात भिजू नयेत म्हणून. तो म्हणायचा, सावली म्हणजे सावली, आमच्याकडेही सूर्य मावळतो. ती म्हणायची, आभाळात ओल आहे. तो म्हणायचा, ती तुझ्या डोळ्यांत आहे. असं बोलून झालं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि मग दोघंही जरा जास्तच लक्ष देऊन गवत बघायची.

ओडेट कमी बोलणाऱ्या घरात वाढली होती. तिचे वडील प्रेम वाटलं की गाडीतलं तेल तपासायचे. आवडतोस म्हणणं वगैरे त्यांच्या घरात कुणालाच कधी जमलं नव्हतं. पण भांडता तिला झकास यायचं, आणि भांडायला दर रविवारी एक जागा होती. तेवढ्यावर तिचं छान चाललं होतं.

ऑक्टोबरात एकदा मैत्रिणीची गाडी मागून आणून ती त्याला खरं खाजण दाखवायला घेऊन गेली. धुकं होतं. गवत पिवळं पडलं होतं आणि ओहोटीमुळे चिखल उघडा पडला होता. एमेट भारावल्यासारखा चार पावलं पुढे गेला, आणि पाचव्याला त्याचा बूट चिखलात राहिला, पाय वर आला.

"हलू नकोस! हलशील तितका रुतशील!"

"नेब्रास्कात जमीन माणसं खात नाही!" तो एका पायावर ओरडला.

ती हसून हसून बेजार झाली. मग त्याचा हात धरून तिने त्याला बाहेर ओढलं, बूट मात्र चिखलानेच ठेवून घेतला. तेवढ्यात वारा सुटला, धुकं विरळ झालं, आणि गवतापलीकडे एकदम समुद्र उभा राहिला. करडा, हलता, शेवट नसलेला. एका पायात बूट, एका पायात चिखलाचा मोजा, आणि एमेट आपला बघतोच आहे.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "एवढं सगळं... नांगरतं कोण?"

ओडेटला हसू आलं. त्याचा हात अजून तिच्या हातात होता. चिखलातून बाहेर येऊन किती तरी वेळ झाला होता. सोडायला हवा, असं दोघांनाही वाटलं असावं, पण सुरुवात कुणी केली नाही.

परतताना तो म्हणाला, "डिसेंबरात माझं शिक्षण संपतंय. बाबांच्या कमरेचं ऑपरेशन आहे. मी घरी जाणार, कायमचा. पेरणीला कुणीतरी हवं." हे तो रस्त्याकडे बघत बोलला. ओडेटनेही रस्त्याकडेच बघितलं. गाडी तीच चालवत होती, त्यामुळे ते बरंच झालं.

नोव्हेंबरात मिसेस ट्रास्कनी तिला वाटेत गाठलं. "ये ये, तुला गंमत दाखवते!" त्यांनी तिला तळघरातल्या कोठारात नेलं. तिथे फळ्यांवर चित्रंच चित्रं उभी केली होती. कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याचा चेहरा, बर्फातलं गाव, निळ्या झग्यातली कंटाळलेली मुलगी. त्यांतून त्यांनी एक आडवं, चिंचोळं चित्र ओढून काढलं.

ओडेटने वाकून बघितलं.

तेच गवत. त्याच गंज्या. तीच पाण्याची रेघ, फक्त पलीकडच्या काठावरून पाहिलेली. आणि मधोमध गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं बुटकं घर, त्यामागे पवनचक्की. असलं घर मेनमध्ये कुणी बांधत नाही. खाजणात तर ते पहिल्या भरतीलाच विरघळलं असतं.

"हॅटीबाईंचा भाऊ नेब्रास्काला जमीन कसायला गेला होता म्हणे," मिसेस ट्रास्क म्हणाल्या. "म्हणजे त्या पोराचंच खरं निघालं. सांगशील ना त्याला?"

"सांगते की," ओडेट म्हणाली.

बाहेर येऊन ती संग्रहालयाच्या कठड्यावर बसली. तिची खिडकी गेली होती. इतकी वर्षं ज्याला ती आपलं घर समजत होती, ते हॅटीबाईंच्या कुणा भावाचं शेत होतं, समुद्रापासून कितीतरी लांब. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण नंतर तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीसाठी रडतच नाही आहोत. खटला संपणार म्हणून रडतोय. येत्या रविवारी ती त्याला सांगणार, तो जिंकणार, मेसमध्ये हशा होणार, आणि त्यानंतरच्या रविवारी त्या दारात जायला तिच्याकडे कारण उरणार नाही.

तिला तो आवडत होता. भारी आवडत होता. हे तिने स्वतःशी पहिल्यांदाच सरळ शब्दांत म्हटलं, आणि मग नाक पुसून खोटं बोलायचं ठरवलं.

पुढचे रविवार मोठे चमत्कारिक गेले. मनात चोर असल्यामुळे ओडेट उगाच उदार झाली होती. "तशी ह्या गंजीची गोलाई तुमच्याकडची वाटते हं," ती म्हणायची. आणि एमेट, आश्चर्य म्हणजे, भांडायचं सोडून मान डोलवायचा. "पण पाण्याची चकाकी खाऱ्या पाण्याचीच दिसते. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे." असं करत दोघं एकमेकांची बाजू मांडत बसायची, आणि निकाल काही लागायचा नाही. त्याने घरून आलेले मक्याचे दाणे पातेल्यात फोडून लाह्या कराव्यात, तिने गुळचट आल्याची बिस्किटं आणावीत, बाहेर बर्फ सुरू व्हावा. जावंसं वाटू नये... आणि काही बोलूही नये.

डिसेंबर आला. चित्रं परत करायचा दिवस आला. एमेटची बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

चित्र जुन्या रजईत गुंडाळून दोघांनी ते दोन बाजूंनी धरलं आणि बर्फातून जपून चालत संग्रहालयात आणलं. ओडेटने वाटेत बोलायचं ठरवलं होतं. पहिल्या कोपऱ्यावर नाही जमलं. चर्चपाशी नाही जमलं. पायऱ्यांपर्यंत आली तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तुझ्या बाजूने जरा उचल."

मिसेस ट्रास्कनी चित्र त्याच लहान खोलीत टेबलावर ठेवून घेतलं, चौकट तपासली, आणि खुशीत म्हणाल्या, "आता याच्या शेजारी ते दुसरंही लावणार आहोत, पवनचक्कीवालं. जोडी छान दिसेल. दोन्ही नेब्रास्काची! तुम्ही दोघांनी ह्यावरून किती भांडण केलंत, नाही का?"

ओडेट रजईची घडी घालता घालता थांबली.

ओडेटचे गाल तापले. आता एमेट विचारणार — कुठलं दुसरं? आणि मिसेस ट्रास्क सांगणार — अगं, तू सांगितलं नाहीस त्याला? चोरी अशी उघडी पडणार, तीही निरोपाच्या दिवशी. तिने डोळे मिटून घेतले.

कुणीच काही विचारलं नाही.

तिने एक डोळा उघडला. एमेट चित्राकडे बघत होता, आणि त्याचे कान... त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते.

"तू..." ओडेट म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"कशाबद्दल?" असं म्हणून बघावं, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला. पण खोटं बोलणं त्या कानांच्या हातात नव्हतं. "हो."

"कधीपासून?"

"मीच दाखवलं ना त्याला," मिसेस ट्रास्क म्हणाल्या. "तुला दाखवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू बघितलंयस हे मी सांगायच्या आतच म्हणाला, मीच सांगतो तिला." मग त्यांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "अरे देवा. म्हणजे दोघांपैकी कुणीच..." त्या कपाळावरचा चष्मा शोधत शोधत बाहेर गेल्या, आणि जाताना दार ओढून घ्यायला विसरल्या नाहीत.

"जिंकला होतास तू," ओडेट म्हणाली. "महिनाभर जिंकून बसला होतास! मेससमोर माझी फजिती करायची सोडून मला म्हणतोस, पाण्याची चकाकी खारी आहे? लाज नाही वाटली?"

"वाटली. पण सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस." त्याने मान वर केली. "आणि तू? तू हरली होतीस. तू का नाही बोललीस?"

आता कोपरा उरला नव्हता, चर्च उरलं नव्हतं, उचलायला चित्रसुद्धा नव्हतं. पेल्टियरांच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल असं ओडेटला बोलायचं होतं.

"कारण मला चित्र नको होतं रे," ती म्हणाली. "आधी हवं होतं. नंतर... नंतर मला तू हवा होतास. आणि ते मागायला रांग कुठे लावायची ते माहीत नव्हतं."

एमेट दोन पावलं चालत आला — न धावता, नियमाप्रमाणे — आणि तिच्यासमोर पाय रोवून उभा राहिला.

ती हसली, आणि हसताना रडली, आणि मग टाचा उंच करून तिनेच त्याच्या गळ्यात हात टाकले. कारण तो वाकेपर्यंत थांबायचा धीर तिला नव्हता. त्याच्या कोटाला लाह्यांचा वास येत होता. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"मला उद्या जायलाच हवं," बऱ्याच वेळाने तो तिच्या केसांत म्हणाला. "बाबांना चालता येत नाही. वसंतात पेरणी. मला इथे येणं नाही जमणार, ओडी."

"येऊ नकोस. मे महिन्यात माझी परीक्षा संपते. मी येते."

त्याने तिला जरा दूर धरून नीट बघितलं, ती थट्टा करतेय का ते. करत नव्हती.

"विचार कर हं," तो हळूच म्हणाला. "तिकडे समुद्र नाही."

"माहीत आहे," ओडेट म्हणाली. "मला नोव्हेंबरपासून माहीत आहे."